काही लावलंय असं वाटायला नको

मी ब्रश बोलतोय. दात घासायचा नव्हे, भिंत रंगवायचाही नव्हे. ते दोघं निदान आपलं काम उघडपणे करतात. मी गालावर सावली पाडायचा ब्रश. तिरका कापलेला, दाट केसांचा, आखूड दांड्याचा. गालाचं हाड नसेल तिथे ते आहे असं भासवायचं, रुंद नाक निमुळतं दाखवायचं, दोन हनुवट्यांतली एक गडप करायची, ही माझी कामं. आणि एवढं सगळं करून वर माणसांची अट काय, तर 'काही लावलंय असं वाटायला नको!' म्हणजे चोराने चोरी करायची आणि घरमालकाने त्याला पाहुणा समजून चहा पाजायचा, त्यातली गत.

माझ्या डबीवर 'खारीच्या शेपटीइतका मऊ' असं छापलेलं होतं. खारीचा आणि माझा काडीचाही संबंध नाही. मी नायलॉनचा. कारखान्यातल्या एका लांबलचक खोलीत बायका ओळीने बसायच्या. चिमूटभर तंतू मोजून घ्यायच्या, छोट्या साच्यात ठोकून टोकं जुळवायच्या, बुडाला डिंक लावून पत्र्याच्या टोपीत बसवायच्या. माझे केस जिने बसवले तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिच्या गालावर मी एकदाही फिरलो नाही. माझी किंमत ऐकली असती तर ती हसत सुटली असती.

तिथून मी आलो एका तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. घरात तिघी: आई, थोरली आणि धाकटी. थोरली बेचाळीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. धाकटी सव्वीस वर्षांची. ती काय करायची हे आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. शेजारणीने विचारलं की आई म्हणायची, "ती फोनशी बोलते."

खरंच बोलायची. खिडकीशी फोन उभा करून त्याच्यासमोर बसायची आणि लोकांना मेकअप शिकवायची. तिची खासियत म्हणजे रोजचा, साधा, नैसर्गिक चेहरा. 'आत्ताच उठले आणि अशीच बाहेर पडले' असं वाटणारा. व्हिडिओवर लिहिलेलं असायचं, 'फक्त पाच मिनिटांत'. मी दांड्याला हात लावून शपथेवर सांगतो, पन्नास मिनिटांच्या आत आमची कधी सुटका झाली नाही. आधी चेहऱ्यावरचं खरं ते सगळं पुसायचं. डाग, लाली, डोळ्याखालचा काळपटपणा. चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा कोरा झाला की मग त्यावर पुन्हा खऱ्यासारखं चितारायचं. गाल आत ओढून, कानापासून ओठाच्या दिशेने, पण अर्ध्यावरच थांबून, राखाडी झाक असलेला तपकिरी रंग मी फिरवायचा. मग कडा वरच्या बाजूला पुसत पुसत धूसर करायच्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा, जबड्याखाली एक, कपाळाच्या कडेला थोडं. शेवटी ती फोनकडे बघून म्हणायची, "बघा, मी काहीच केलेलं नाही!"

आणि हजारो लोक ते मानायचे. माणसाची जात ही अशी.

थोरलीला या सगळ्याचं हसू यायचं. ती सकाळी तोंड धुवायची, वेणी घालायची आणि निघायची. सोळा वर्षं ती दुकानात पुढच्या टेबलावर बसत होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, फ्रेम गरम करून वाकवायची, दांडी कानामागे टोचते का ते बघायचं, हे तिचं काम. तिने बसवलेला चष्मा परत आला असं कधी झालं नाही. दुकानाच्या मालकांना हे ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. कौतुक केलं की पगारवाढ मागतात, असा त्यांचा अनुभव.

एका मंगळवारी सकाळी थोरलीने चूळ भरली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. तिने आरशात पाहिलं. उजवा अर्धा चेहरा तिचाच होता. डावा अर्धा मात्र कोणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. कपाळाची आठी गेलेली, भुवई खाली आलेली, ओठ लोंबलेला, आणि डोळा काही केल्या मिटेना. आई घाबरून जमिनीवरच बसली. धाकटीने मात्र एका मिनिटात रिक्षा बोलावली. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मेंदूला काही झालेलं नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या घ्या, व्यायाम करा. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं."

"आणि बाकीच्यांचं?" थोरलीने विचारलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला गाल फुगवायला, शीळ घालायला आणि ओठांची अक्षरं म्हणायला सांगितलं. प, फ, ब, भ, म. तिचा 'प' हवेत निसटून जायचा. 'पाणी' म्हणायला गेली की नुसती फुंकर. तिला या गोष्टीचं चेहऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं. चेहरा तिला दिवसभर दिसत नव्हता, आवाज ऐकू येत होता.

आठवड्याने ती दुकानात गेली. मालकांनी तिच्याकडे न बघता फ्रेमच्या कपाटाकडे बघत सांगितलं, "तुमचं काही नाही हो. पण गिऱ्हाईक दचकतं. थोडे दिवस आत काचा घासायला बसा."

गिऱ्हाईक दचकतं! जे गिऱ्हाईक चष्म्याशिवाय समोरची भिंत ओळखत नाही, ते म्हणे हिचा ओठ बघून दचकतं. दचकत होते ते मालक.

त्या संध्याकाळी थोरली घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. धाकटी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ताई, उद्यापासून सकाळी सात वाजता मी तुला तयार करणार. कोणाला कळणारसुद्धा नाही."

आता मी जे सांगणार आहे ते मला जड जातं, कारण कौतुक करायची मला सवय नाही. पण त्या सकाळी धाकटीचा हात वेगळाच होता. एरवी नाचरा हात, त्या दिवशी पिसासारखा हलका झाला. डाव्या गालावरची हरवलेली घडी तिने माझ्या टोकाने पुन्हा रेखली, उजव्या बाजूला बघून, अगदी पुसट. लोंबलेल्या ओठाखाली उजळ रंग लावून कोपरा वर आणला. भुवई केसाकेसाने उचलली. गालावरची सावली दोन्हीकडे मुद्दाम सारखी नाही ठेवली, कारण खऱ्या चेहऱ्यावर ती कधीच सारखी नसते. थोरली गप्प बसली की चेहरा पहिल्यासारखा दिसायचा. बोलायला लागली की अर्थातच सगळं उघडं पडायचं. रंगाने नस हलत नाही. पण गिऱ्हाइकासमोर पट्टी धरून बसायला तेवढं पुरेसं होतं.

मालकांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं! अगदी नैसर्गिक!" आणि पुढचं टेबल परत दिलं. मला त्यांच्या मिशीत तपकिरी पूड भरावीशी वाटली.

दुपारी डबा खाल्ल्यावर ओठाजवळचा रंग पुसला जायचा, म्हणून थोरली मला पर्समध्ये घेऊन जायला लागली. सकाळी धाकटीच्या हातात, दिवसा थोरलीच्या पर्समध्ये. असे सात दिवस गेले. तेवढे सात दिवस मी माणसांना नावं ठेवली नाहीत.

आठव्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, आज खिडकीशी बस. उजेड चांगला आहे. आरसा टेकवायला जागा नाही तिथे, फोनच आरसा म्हणून ठेवते."

थोरलीने फोनमध्ये पाहिलं. तिला आपला चेहरा दिसला. कोपऱ्यातला लाल ठिपका तिला दिसला नाही, कारण तिच्या डाव्या डोळ्यात मलम होतं आणि उजव्या डोळ्याने ती बहिणीकडे बघत होती. मला दिसला. पण माझं कोण ऐकतो!

"आधी व्यायाम," धाकटी म्हणाली. "म्हण बघू, पोपट पेरू फोडतो."

थोरलीने प्रयत्न केला. नुसती हवा सुटली. पुन्हा प्रयत्न केला, तशी लाळ हनुवटीवर आली. मग तिला स्वतःचंच हसू फुटलं, वाकडंतिकडं, एका बाजूचं. धाकटीही हसली. दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आजारपणानंतर थोरली पहिल्यांदाच हसत होती. मग धाकटीने तिचा चेहरा पुसला आणि मला हातात घेतलं.

तो व्हिडिओ तीन दिवसांनी जगभर फिरायला लागला. 'वाकडा चेहरा सरळ! फक्त पाच मिनिटांत रोजचा नैसर्गिक लुक.' खाली लोकांच्या प्रतिक्रियांचा ढीग. कोणाला रडू आलं. कोणी हात जोडले. कोणी लिहिलं, 'माझ्या आत्याला असंच झालं होतं, ती गेली.' काय पण धीर! आणि सगळ्यांत जास्त लोकांनी विचारलं होतं, 'ब्रश कुठला आहे?' हे सांगताना मला लाज वाटते. फार नाही, थोडीशी.

थोरलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या साध्या फोनवर फोन येत आणि जात, एवढंच. तीन आठवडे ती रोज सात वाजता बहिणीसमोर बसत राहिली आणि "तुझे उपकार कसे फेडू गं" म्हणत राहिली. धाकटी त्यावर "काहीतरीच काय" म्हणायची आणि मान वळवायची.

मग एके सकाळी दुकानात एक तरुण मुलगी आली. थोरलीने तिच्या नाकावर फ्रेम ठेवली, कानामागे बोट फिरवलं. मुलगी टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "तुम्ही त्याच ना? पोपट पेरूवाल्या?"

थोरलीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"अहो, त्या व्हिडिओतल्या! किती वाकडं होतं तुमचं! आणि आता कळतसुद्धा नाही. कमाल आहे!" मुलीने आनंदाने फोन पुढे केला.

थोरलीने सगळा व्हिडिओ पाहिला. लाळ, हवा सुटलेला 'प', ते हसणं. बहिणीच्या खांद्यावर टेकवलेलं आपलं डोकं. शेजारी लाल रंगात आकडा, किती लाख लोकांनी पाहिलं त्याचा. तिने फोन परत दिला. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन दांडीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि विचारलं, "आता टोचतंय का?"

"नाही," मुलगी म्हणाली.

मुलगी गेल्यावर थोरली मागच्या नळावर गेली आणि साबणाने खसाखसा चेहरा धुतला. तशीच बाहेर आली. मालक चरकले. "अहो, हे काय? पुढे गिऱ्हाईक बसलंय!"

"बघू दे. लाखो जणांनी बघितलंय." तिने पर्स उचलली. "मी तीन दिवस येणार नाही."

ती घरी पोचली तेव्हा आई भाजी निवडत होती आणि धाकटी फोनवर कोणाशी तरी गोड आवाजात बोलत होती. एका मेकअपच्या कंपनीला दुसरा व्हिडिओ हवा होता, याच चेहऱ्याचा.

"कधी सांगणार होतीस?" थोरलीने विचारलं.

धाकटीला काय ते लगेच कळलं. ती भराभरा बोलायला लागली. "ताई, ऐक तरी! लोक वाईट नाही बोललेले. किती कौतुक करतायत बघ. तुझ्यासारख्या कितीतरी जणींना आधार मिळाला."

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस?"

आई म्हणाली, "दोघी आधी जेवा, मग भांडा." त्या घरात तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं, आणि तेही कोणी ऐकलं नाही.

थोरली खुर्ची ओढून म्हणाली, "बस इथे."

तिने पर्समधून मला काढलं. तिने आयुष्यात कोणाचा चेहरा रंगवला नव्हता, पण महिनाभर रोज समोर बसून तिने सगळं पाहून ठेवलं होतं. आणि चेहऱ्याची मापं तर तिच्या बोटांतच होती. तिने सगळं उलटं केलं. धाकटीच्या डाव्या गालाची घडी उजळ रंगाने बुजवली. ओठाच्या कोपऱ्याखाली माझ्याकडून दाट सावली पाडली, तसा ओठ लोंबायला लागला. भुवईचा वरचा भाग झाकून खालून नवी रेघ ओढली. डोळ्याखाली तपकिरी झाक. धाकटी आधी हसत होती. तिला वाटलं, ताईचा राग असाच निघून जाईल. मग तिने आरशात पाहिलं आणि हसणं थांबलं.

"खालच्या दुकानातून दूध घेऊन ये," थोरली म्हणाली. "पुसायचं नाही."

"ताई, प्लीज."

"पाच मिनिटांचं तर काम आहे."

धाकटीने माझ्यावर राग काढला. मला थोरलीच्या हातातून हिसकावून खिशात कोंबलं आणि तरातरा जिना उतरली. म्हणून पुढचं मी पाहिलं.

पहिल्या मजल्यावरच्या काकू दारातच होत्या. "अगं बाई, तुलाही? घराण्यातच आहे वाटतं!" असं म्हणून त्यांनी पटकन दार लावून घेतलं, जणू नसेची सूज जिन्यावरून चढते. दूधवाला, जो रोज तिच्याशी उगाच दोन शब्द जास्त बोलायचा, तो आज तिला बहिरी समजून मोठ्याने ओरडला, "कि-ती ह-वं-य?" एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले, आणि स्वतः मात्र बघत राहिली. माणसांची सहानुभूती फोनच्या काचेपलीकडेच बरी असते. काच काढली की तिला वास येतो.

धाकटी पिशवी घेऊन वळली, तोच दोन कॉलेजच्या मुली समोर आल्या. "तुम्ही त्या मेकअपवाल्या ना? तुम्हालाही झालं? बाप रे!" एकीने फोन वर केला. "थांबा हं. पोपट पेरू म्हणून दाखवा ना. एकदाच!"

धाकटीने दुधाची पिशवी तोंडासमोर धरली. "नको," ती म्हणाली. "नको, बंद कर." मुलीने फोन खाली घेतला नाही. "अहो, छान वाटतं लोकांना," ती म्हणाली.

धाकटी पळत सुटली. खिशात मी तिच्या मांडीवर आपटत होतो.

वर आली तेव्हा पिशवी फुटून निम्मं दूध सांडलं होतं. तिने फोन घेतला आणि व्हिडिओ काढून टाकला. कंपनीला नकार कळवला. मग थोरलीच्या पायाशी बसून रडली. रंग ओघळून तिचा चेहरा दोन्हीकडून वाकडा झाला. थोरलीने तिला जवळ घेतलं नाही, उठूनही गेली नाही. एवढंच म्हणाली, "तोंड धू. दूध तापवायचं आहे."

गोष्ट इथे गोड झाली असती तर मला आवडलं नसतं, आणि तशी झालीही नाही. काढून टाकलेला व्हिडिओ आधीच शंभर जणांनी उचलून आपापल्या पानांवर लावला होता. तो अजून फिरतो. कंपनीने रुसवाफुगवा केला नाही; आठवड्याभरात त्यांना दुसरीकडे एक भाजलेला गाल मिळाला. थोरली दीड महिना धाकटीशी कामापुरतं बोलली. सकाळचे सात वाजले की दोघीही आपापल्या कोपऱ्यात उगाच काहीतरी आवरत बसायच्या.

दुकानात मात्र वेगळाच घोळ झाला होता. तीन दिवस मालक स्वतः पट्टी घेऊन पुढे बसले. चौथ्या दिवशी पाच चष्मे परत आले. एका आजोबांना जिन्याच्या पायऱ्या दुप्पट दिसत होत्या. मालकांचा फोन आला, आवाजात मध. थोरलीने सांगितलं, "येते. पण पुढेच बसेन. कधी लावून येईन, कधी न लावता. विचारायचं नाही."

"छे छे, मी कशाला विचारतोय!" मालक म्हणाले. सोळा वर्षांत त्यांनी एवढ्या लवकर काही कबूल केलं नव्हतं.

गिऱ्हाइकं दचकली का? दोन-चार दचकली. बाकीच्यांनी आरशात स्वतःकडेच बघितलं. माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ कुठे असतो! चार महिन्यांत थोरलीची नस बरीचशी सुधारली. 'प' परत आला. पण हसली की डावा डोळा अजून बारीक होतो.

माझं म्हणाल तर, एका दुपारी घासलेल्या काचेची पूड झाडायला तिला फडकं सापडेना. तिने मला पर्समधून काढलं आणि काचा घासायच्या यंत्रावर फिरवलं. तेव्हापासून मी दुकानाच्या टेबलावर आहे. माझे केस पांढरे झालेत, काही गळलेत. दिवसभर मी फ्रेमच्या खाचेतली धूळ काढतो. या धुळीला नैसर्गिक दिसायची हौस नाही. झाडली की जाते.

गेल्या आठवड्यात धाकटी दुकानात आली. फोनकडे बघून बघून तिला नंबर लागला होता. हो, ती पुन्हा व्हिडिओ करते, स्वतःच्याच चेहऱ्याचे; अजूनही पन्नास मिनिटांना पाचच म्हणते. खोड काही जात नाही. थोरलीने तिला समोर बसवलं, बाहुल्या मोजल्या, काच पुसून फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. धाकटी लगेच आरसा शोधायला लागली.

"ताई, चेहरा रुंद नाही ना दिसत यात? नाक मोठं वाटतंय का?"

"ते नंतर. आधी नीट दिसतंय का ते सांग."

धाकटीने भिंतीवरच्या पाटीची खालची ओळ वाचली. मग तिची नजर बहिणीवर आली आणि थांबली. हातभर अंतरावरून, नव्या काचांतून, ती बराच वेळ बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझ्या डाव्या डोळ्याखाली अजून ओढ आहे गं."

"आहे."

"रोज समोर असतेस, पण मला दिसलीच नव्हती."

थोरलीने धाकटीच्या कानामागचे केस बाजूला केले आणि दांडी जराशी वाकवली. मग धाकटीने विचारलं, "दुखतं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. "थंडीत दुखतं," थोरली म्हणाली, आणि बोलत राहिली. गिऱ्हाईक आलं तरी दोघी उठल्या नाहीत. मालकांनीच पट्टी उचलली. देव त्या गिऱ्हाइकाचं भलं करो.

मला आता फार दिवस उरलेले नाहीत. पत्र्याची टोपी सैल झाली आहे, एक दिवस केस एकीकडे आणि दांडा एकीकडे होईल. तुमच्यापैकी अनेकांच्या डबीत माझी भावंडं असतील. त्यांना खुशाल वापरा, गालावर हवी तेवढी सावली पाडा. मी कोण अडवणारा? फक्त दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याला हात लावाल, तेव्हा त्याला आधी विचारा. आणि 'काहीच केलेलं नाही' असं सांगायला माझ्याकडे येऊ नका. काम पडलंय माझं, काच झाडायची आहे.